आकाशात कप्तान नेमणारा माणूस

कोणत्याही मोठ्या विमानतळावर थोडा वेळ थांबले की एक दृश्य हमखास दिसते. गर्दीतून एखादी व्यक्ती छोटी बॅग ओढत चाललेली असते. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, काळी विजार, चकचकीत काळे बूट. पण खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या काढलेल्या, टाय सोडलेला आणि वरून साधे, कोणतेही चिन्ह नसलेले जाकीट. तो वैमानिक आहे हे पाहताक्षणीच कळते आणि तो आत्ता कामावर नाही हेही कळते. कुणी ड्यूटी संपवून घरी निघालेला असतो, कुणी दुसऱ्या शहरातून उड्डाण करण्यासाठी प्रवासी म्हणून तिकडे चाललेला असतो. हा अर्धा गणवेश म्हणजे एक तडजोड आहे. पूर्ण गणवेशात बाकावर डुलकी घेणारा किंवा उपाहारगृहात हास्यविनोद करणारा वैमानिक पाहिला की प्रवाशाच्या मनात नकळत शंका उभी राहते. म्हणूनच अनेक विमान कंपन्यांच्या नियमपुस्तकांत गणवेश घालायचा तर संपूर्ण, नाहीतर ओळखू येणार नाही इतका उतरवून, असा दंडक असतो.

चार पट्ट्या आणि एक टोपी यांना एवढे वजन कुठून आले? विमान चालविण्यासाठी यांपैकी कशाचीही गरज नाही. विमानाच्या यंत्राला सोनेरी पट्टी कळत नाही. ती कळते प्रवाशाला. हे ज्यांना फार लवकर उमगले आणि ज्यांनी त्यावर एक साम्राज्य उभारले, ते म्हणजे पॅन अमेरिकन वर्ल्ड एअरवेज अर्थात ‘पॅन ॲम’चे संस्थापक ह्वान टेरी ट्रिप. स्वतः ट्रिप यांनी आयुष्यात नागरी वैमानिकाचा गणवेश कधी घातला नाही. पण आज जगभरातील वैमानिक ज्या वेषात वावरतात, त्याचा घाट रूढ झाला तो त्यांच्या कंपनीमुळे.

ट्रिप यांचा जन्म २७ जून १८९९ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, सी ब्राइट या समुद्रकाठच्या गावी झाला. ह्वान हे स्पॅनिश नाव त्यांना कुटुंबातील ह्वानिता नावाच्या एका नातेवाईक स्त्रीवरून मिळाले. रक्ताने ते स्पॅनिश नव्हते आणि हे नाव त्यांना फारसे आवडतही नसे. मात्र पुढे लॅटिन अमेरिकेतील राजधान्यांमध्ये विमाने उतरविण्याच्या परवानग्या मागताना याच नावाने त्यांची अनेक दारे किलकिली केली. वडील चार्ल्स ट्रिप बँकिंगच्या व्यवसायात होते. घराणे मूळचे मेरिलँडचे, आणि नौदलात नाव कमावलेले पूर्वज त्यात होते. समुद्र आणि जहाजे यांची ओढ अशी घरातूनच आलेली. १९०९ साली न्यूयॉर्कच्या बंदरावर विल्बर राइट यांनी विमान उडवून दाखविले, तेव्हा दहा वर्षांचा ह्वान वडिलांबरोबर ते पाहायला गेला होता. समुद्र आणि आकाश यांची त्या मुलाच्या मनात तिथेच गाठ पडली असे म्हणायला हरकत नाही.

येल विद्यापीठात शिकत असताना अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. ट्रिप यांनी नौदलाच्या हवाई शाखेत प्रशिक्षण घेतले आणि ते वैमानिक झाले. पण प्रत्यक्ष आघाडीवर जाण्यापूर्वीच युद्ध संपले. ते येलला परतले. १९२० मध्ये वडिलांचे निधन झाले. पुढल्याच वर्षी पदवी घेऊन ते न्यूयॉर्कच्या एका वित्तसंस्थेत रुजू झाले. रोखे विकण्याच्या कामात त्यांचा जीव रमला नाही. १९२३ च्या सुमारास नौदलाने लिलावात काढलेली सात जुनी विमाने त्यांनी विकत घेतली आणि ‘लाँग आयलंड एअरवेज’ नावाची छोटी कंपनी काढली. या विमानांत वैमानिकाखेरीज एकाच माणसाची जागा होती. ट्रिप यांनी अधिक ताकदीचे इंजिन बसवून ती दोघांसाठी केली. एका जागेऐवजी दोन जागा म्हणजे खर्च जवळपास तेवढाच आणि उत्पन्न दुप्पट. पुढे चाळीस वर्षांनी साडेतीनशेहून अधिक प्रवाशांच्या महाकाय विमानाची मागणी नोंदविताना त्यांनी मांडलेले गणित याहून फार वेगळे नव्हते. कंपनी मात्र दोनेक वर्षांत बुडाली.

दुसरा प्रयत्न बोस्टन ते न्यूयॉर्क टपाल वाहतुकीचा. ‘कलोनियल एअर ट्रान्सपोर्ट’ या कंपनीत ट्रिप यांनी मोठ्या फोकर विमानांचा आणि लांबच्या मार्गांचा आग्रह धरला. सावध वृत्तीच्या संचालकांना तो झेपेना आणि ट्रिप यांना बाहेर पडावे लागले. पण याच काळात ते एक मोलाची गोष्ट साधून आले होते. क्यूबाला जाऊन त्यांनी तेथील अध्यक्ष हेरार्दो मचादो यांच्याकडून हवानात विमाने उतरविण्याचा हक्क मिळविला होता. १९२७ मध्ये फ्लॉरिडातील की वेस्ट ते हवाना या टपालमार्गासाठी तीन गट एकमेकांशी झगडत होते. त्यांतल्या एका गटाकडे टपाल खात्याचे कंत्राट होते. तो गट हॅप अर्नोल्ड, कार्ल स्पाट्झ यांसारख्या लष्करी हवाई दलातील अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘पॅन अमेरिकन एअरवेज’चा. ट्रिप यांच्याजवळ होता हवानात उतरण्याचा परवाना आणि पाठीशी होते व्हँडरबिल्ट व्हिटनी, रॉकफेलर अशा धनाढ्य घराण्यांतील येलचे मित्र. शेवटी तिन्ही गट एकत्र आले आणि अठ्ठावीस वर्षांचे ट्रिप पॅन ॲमचे सूत्रधार झाले. २८ ऑक्टोबर १९२७ रोजी कंपनीच्या फोकर विमानाने टपालाच्या पिशव्या घेऊन हवाना गाठले. अंतर अवघे नव्वद मैलांचे.

हे नव्वद मैल पाण्यावरचे होते आणि खरा प्रश्न तिथेच होता. त्या काळचा वैमानिक म्हणजे कातडी जाकीट, गुडघ्याखाली तंग विजार, डोळ्यांवर गॉगल आणि गळ्यात रुमाल असा धाडसी गडी. जत्रेत कसरती करणारे, युद्धातून परतलेले, जिवावर उदार झालेले हे लोक. त्यांना पाहून गर्दी टाळ्या वाजवी. पण त्यांच्या भरवशावर बायकामुलांना समुद्रापार पाठवायला कुणी धजत नसे. ही भीती निराधारही नव्हती. १५ ऑगस्ट १९२८ रोजी हवानाहून परतणारे पॅन ॲमचे ‘जनरल मचादो’ हे विमान वाट चुकले, इंधन संपून मेक्सिकोच्या आखातात उतरले आणि एका प्रवाशाला प्राण गमवावा लागला. विमानात दिशा सांगणारा रेडिओ नव्हता. धाडस भरपूर होते. शिस्त आणि साधने अपुरी होती.

ट्रिप यांनी या अपघातानंतर रेडिओतज्ज्ञ ह्यूगो ल्यूटरिट्झ यांना कंपनीत आणले आणि विमानात बसविता येईल असा दिशादर्शक रेडिओ तयार करून घेतला. अटलांटिक एकट्याने पार करणारे चार्ल्स लिंडबर्ग तांत्रिक सल्लागार म्हणून आले. पण प्रवाशांच्या मनातील चित्र बदलण्याचे काम प्रामुख्याने ज्या माणसाकडे गेले, तो होता आंद्रे प्रीस्टर. जावा बेटावर जन्मलेला हा डच अभियंता आधी केएलएम या डच कंपनीत होता. लहानखुरी चण, टक्कल पडलेले डोके, इंग्रजीवर जड डच छाप आणि शिस्तीच्या बाबतीत कुणाचीही भीडभाड न ठेवणारा स्वभाव. प्रीस्टर यांच्या दृष्टीने धाडसी वैमानिक ही कौतुकाची नव्हे, काळजीची बाब होती. त्यांना हवे होते ते कंटाळवाणे वाटावेत इतके काटेकोर लोक.

कंपनीची विमाने आता पाण्यावर उतरणारी होती. कॅरिबियन आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर धावपट्ट्या नव्हत्या; पण बंदरे होती. सिकोर्स्की यांची ‘एस-३८’ आणि १९३१ मधील मोठी चार इंजिनांची ‘एस-४०’ ही जलविमाने म्हणजे पंख फुटलेल्या नौकाच. ट्रिप यांनी एकोणिसाव्या शतकातील वेगवान शिडाच्या जहाजांवरून त्यांना ‘क्लिपर’ हे नाव दिले आणि मग सारी भाषाच सागरी करून टाकली. विमानाचा वेग मैलांऐवजी नॉटमध्ये मोजला जाऊ लागला. वैमानिकाचा ‘कॅप्टन’ झाला, सहवैमानिकाचा ‘फर्स्ट ऑफिसर’, सेवकाचा ‘स्टुअर्ड’. कातडी जाकीट आणि गॉगल गेले. त्यांच्या जागी आला नौदल अधिकाऱ्यासारखा गडद निळा सूट, छातीवर सोनेरी पंख आणि डोक्यावर पांढरी टोपी. उड्डाणाच्या वेळी घंटेचे टोल पडत आणि कर्मचारी दोन-दोनच्या रांगेत शिस्तीने चालत विमानात चढत. प्रवासी धक्क्यावर उभे राहून ते संचलन पाहत. आगबोटीच्या कप्तानावर पिढ्यान् पिढ्या जो विश्वास टाकला जात होता, तो त्या निळ्या कापडाबरोबर अलगद आकाशात नेण्यात आला.

गणवेशाची कल्पना सर्वस्वी ट्रिप यांचीच होती असे नव्हे. युरोपातील काही कंपन्यांचे वैमानिकही सागरी धाटणीचे कपडे घालीत. ट्रिप आणि प्रीस्टर यांचे वेगळेपण हे की त्यांनी वेष आधी दिला आणि मग त्या वेषाला शोभेल असा माणूस घडविण्याचा कारखानाच काढला. कंपनीत शिरणाऱ्या तरुणाला पदवीधर असूनही उमेदवार म्हणून सुरुवात करावी लागे. इंजिनांची दुरुस्ती, रेडिओ, ताऱ्यांवरून दिशा ओळखण्याची विद्या, हवामानशास्त्र अशा एकेक पायऱ्या चढत वर्षांमागून वर्षे गेल्यावर त्यातल्या निवडक लोकांना ‘मास्टर ऑफ ओशन फ्लाइंग बोट्स’ ही सर्वोच्च श्रेणी मिळे. बाहीवरची सोनेरी पट्टी म्हणजे शोभेचा गोट नव्हता. तिच्यामागे हजारो तासांची नोंद होती. प्रवाशाला ती नोंद वाचता येत नसे, पट्टी मात्र वाचता येई. गणवेशाचे सारे मर्म इथे आहे. ज्या ज्ञानाची परीक्षा घेणे सामान्य माणसाला शक्य नाही, त्या ज्ञानाची हमी त्याला एका नजरेत मिळते. परंतु हमी खरी ठरायची तर वेषामागचा माणूसही खरा असावा लागतो.

या शिस्तीचे मूर्तिमंत रूप म्हणजे पॅन ॲमचे मुख्य वैमानिक एडविन म्यूझिक. अबोल, सावध आणि प्रसिद्धीचे वावडे असलेला हा गृहस्थ तरुणपणी स्वतः जत्रांमधून विमानाच्या कसरती करीत असे हे सांगूनही खरे वाटू नये. २२ नोव्हेंबर १९३५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातून ‘चायना क्लिपर’ हे मार्टिन कंपनीचे जलविमान लाखाहून अधिक पत्रे घेऊन त्यांनी उचलले. होनोलुलू, मिडवे, वेक आणि ग्वाम असे टप्पे घेत २९ नोव्हेंबरला ते मनिलात उतरले. प्रशांत महासागर पार करणारी ती पहिली नियमित टपालसेवा. या एका उड्डाणासाठी ट्रिप यांनी ‘नॉर्थ हेवन’ नावाचे मालवाहू जहाज भरून माणसे, इंधन, यंत्रे आणि राहण्याच्या खोल्यांचे सामान निर्जन बेटांवर पाठविले होते. वेकसारख्या उजाड प्रवाळबेटावर त्यांनी रेडिओ केंद्र आणि विश्रामगृह उभे केले. पुढच्या वर्षी प्रवासीही या मार्गाने जाऊ लागले. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर म्यूझिक झळकले आणि विमानाच्या कप्तानाची प्रतिमा घराघरांत पोचली.

गणवेश निसर्गाला मात्र थोपवू शकत नाही. ११ जानेवारी १९३८ रोजी सामोआतील पागो पागोजवळ ‘सामोअन क्लिपर’चे एक इंजिन बिघडले. माघारी फिरून उतरण्यापूर्वी वजन कमी करण्यासाठी इंधन सोडले जात असताना विमानाचा स्फोट झाला. कंपनीतील सर्वांत सावध मानला जाणारा कप्तान म्यूझिक आणि त्यांचे सहा सहकारी त्यात गेले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ‘हवाई क्लिपर’ ग्वाम आणि मनिला यांच्या दरम्यान पंधरा जणांसह नाहीसे झाले. त्याचा मागमूस लागला नाही. ट्रिप डगमगले नाहीत. १९३९ च्या मे महिन्यात बोइंगचे ‘यांकी क्लिपर’ अटलांटिकपार टपाल घेऊन गेले आणि जूनअखेर ‘डिक्सी क्लिपर’मधून प्रवासीही गेले. पण खर्चाच्या बोज्याने कंपनी वाकली होती. ट्रिप यांचे जुने मित्र व्हिटनी यांनी त्याच वर्षी सूत्रे स्वतःच्या हाती घेतली. त्यानंतर काही महिने ट्रिप आपल्याच कार्यालयात नामधारी बनून बसले. आपल्या योजना ते कागदावर फारशा उतरवीत नसत. कोणत्या सरकारशी काय ठरले आहे, कुणाला काय शब्द दिला आहे हे केवळ त्यांच्याच डोक्यात असे. त्यांच्यावाचून चालत नाही हे उमगल्यावर १९४० मध्ये अधिकार पुन्हा त्यांच्याकडे आले.

इथे या माणसाच्या स्वभावातील विसंगती ठळकपणे दिसते. आपल्या वैमानिकांनी पारदर्शक, नियमबद्ध आणि दुरूनही ओळखू यावे असे असावे, हा त्यांचा आग्रह. स्वतः ट्रिप मात्र कमालीचे गूढ. मृदू आवाजात बोलणारे, हसतमुख, सभ्य. पण मनातले सहकाऱ्यांनाही न सांगणारे. प्रतिस्पर्ध्यांच्या बाबतीत ते निष्ठुर होते. न्यूयॉर्क ते ब्युनॉस आयर्स असा मार्ग कष्टाने उभारणारी ‘नायर्बा’ ही कंपनी १९३० मध्ये पॅन ॲममध्ये विलीन झाली. टपालाचे कंत्राट तिला मिळणार नाही अशी स्थिती वॉशिंग्टनमध्ये निर्माण झाल्यावर तिच्यासमोर दुसरा मार्गच राहिला नव्हता. परदेशी मार्गांवर अमेरिकेची एकच कंपनी असावी आणि ती आपली असावी, ही ट्रिप यांची आयुष्यभराची धारणा. ती साध्य करण्यासाठी त्यांनी मंत्रालयांचे उंबरठे झिजविले. त्यांचा विवाह १९२८ मध्ये एलिझाबेथ स्टेटिनियस यांच्याशी झाला होता. तिचे बंधू एडवर्ड पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. सत्तेच्या वर्तुळात ट्रिप परके कधीच नव्हते.

महायुद्धाने क्लिपरांच्या कप्तानांची खरी कसोटी पाहिली. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा कॅप्टन रॉबर्ट फोर्ड यांचे जलविमान ऑकलंडच्या वाटेवर होते. आल्या मार्गाने परतणे अशक्य झाल्याने पश्चिमेकडून, पृथ्वीला वळसा घालून न्यूयॉर्कला या असा आदेश मिळाला. पुढच्या वाटेचे नकाशे जवळ नव्हते. ऑकलंडच्या ग्रंथालयातील पुस्तकांवरून ते उतरवून घेण्यात आले. सुराबाया, त्रिंकोमाली, आणि मग तेव्हाच्या अखंड भारतातील कराची. तेथून बहारीन, खार्टूम, काँगो नदी, ब्राझील असा प्रवास करीत ६ जानेवारी १९४२ रोजी हे विमान न्यूयॉर्कच्या पाण्यात उतरले. इंजिने, रेडिओ, तारे आणि हवामान यांचे जे शिक्षण प्रीस्टर यांनी सक्तीचे केले होते, त्याचे चीज या प्रवासात झाले. वरिष्ठ नव्हते, प्रेक्षक नव्हते, घंटेचे टोल नव्हते. राहिली होती ती फक्त विद्या.

युद्धानंतर सर्वत्र लांब धावपट्ट्या झाल्या आणि जलविमानांचे युग संपले. बंदर गेले, नौका गेली. पण कप्तान आणि त्याचा पोशाख राहिला. जमिनीवरून उडणाऱ्या विमानांतही त्याच पट्ट्या, तीच टोपी. इतर कंपन्यांनीही हा घाट उचलला आणि पाहता पाहता तो जगाचा झाला. जून १९४७ मध्ये पॅन ॲमने पृथ्वीप्रदक्षिणेची सेवा सुरू केली तेव्हा कराची आणि कलकत्ता ही तिच्या मार्गावरची ठिकाणे होती. भारतीयांनी पॅन ॲमचा निळा गणवेश जवळून पाहिला तो याच काळात.

ट्रिप यांच्या मनात आता वेगळेच गणित होते. विमानप्रवास श्रीमंतांपुरता राहिला तर हा धंदा लहानच राहील, हे त्यांनी ओळखले होते. १९४५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क ते लंडन भाडे २७५ डॉलरवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. ब्रिटनच्या विरोधामुळे तो अडला. पण १९५२ मध्ये अटलांटिकवर ‘टुरिस्ट क्लास’ अवतरला. प्रवाशांना परदेशी राहायला चांगली जागा हवी म्हणून १९४६ मध्येच त्यांनी ‘इंटरकॉन्टिनेन्टल’ ही हॉटेलांची साखळी सुरू केली होती. १३ ऑक्टोबर १९५५ रोजी त्यांनी एकाच वेळी वीस बोइंग ७०७ आणि पंचवीस डग्लस डीसी-८ अशा ४५ जेट विमानांची मागणी जाहीर केली. पंख्यांच्या विमानांवर समाधान मानणाऱ्या इतर कंपन्यांची यामुळे झोप उडाली. २६ ऑक्टोबर १९५८ रोजी पॅन ॲमचे ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला गेले. ट्रिप जेटयुगात शिरल्यावर मागे राहणे कुणालाच परवडणारे नव्हते. जे. आर. डी. टाटा यांच्या नेतृत्वाखालील एअर इंडियानेही १९६० मध्ये ७०७ विमाने सेवेत आणली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क गाठले.

शेवटचा डाव सर्वांत मोठा. १९६६ च्या एप्रिलमध्ये पॅन ॲमने पंचवीस बोइंग ७४७ विमानांची मागणी नोंदविली. किंमत सुमारे साडेबावन्न कोटी डॉलर. बोइंगचे प्रमुख बिल ॲलन आणि ट्रिप या दोघांनीही आपापल्या कंपन्या पणाला लावल्या होत्या. १९६८ मध्ये ट्रिप निवृत्त झाले. जानेवारी १९७० मध्ये ७४७ ने प्रवाशांना घेऊन पहिल्यांदा अटलांटिक ओलांडला तेव्हा ते खुर्चीवर नव्हते आणि पुढे आलेल्या बिलांचा भारही त्यांच्यावर नव्हता. मंदी, १९७३ नंतरचे तेलाचे चढते भाव आणि अर्ध्या रिकाम्या विमानांचे कर्ज यांत पॅन ॲम खचत गेली. सामान्य माणसाला आकाश खुले करणारे विमान आणि ते मागविणाऱ्या कंपनीला जड झालेले विमान एकच होते. एअर इंडियाच्या ताफ्यातही १९७१ मध्ये ७४७ आले. आखातात, इंग्लंड-अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसांच्या एका पिढीने पहिला परदेश प्रवास केला तो ट्रिप यांच्या हट्टातून जन्मलेल्या या विमानातून.

साठच्या दशकातच या गणवेशाची दुसरी बाजूही चर्चेत आली. पॅन ॲमच्या वैमानिकाचा वेष मिळवून आपण दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांतून फुकट फिरलो आणि बँकांना गंडा घातला, अशा कहाण्या एका अमेरिकन तरुणाने पुढे सांगितल्या. त्यांवर २००२ मध्ये ‘कॅच मी इफ यू कॅन’ हा चित्रपटही आला. या कहाण्यांतील बऱ्याच भागाविषयी संशोधकांनी नंतर गंभीर शंका घेतल्या आहेत. पण त्या इतकी वर्षे लोकांना खऱ्या वाटल्या, यातच गणवेशाचे सामर्थ्य आणि धोका दोन्ही आहेत. निळा सूट आणि टोपी दिसली की माणसे प्रश्न विचारायचे थांबतात, हे सर्वांना मनोमन पटलेले होते. आज विमानतळावर कोणताही सुरक्षारक्षक केवळ गणवेश पाहून कुणाला आत सोडत नाही. ओळखपत्र पाहिले जाते, तपासले जाते. कापडाची हमी कार्डावर गेली आहे. प्रवाशाच्या मनात मात्र ती अजून कापडावरच आहे. अर्ध्या गणवेशाचा नियम आजही लागतो तो म्हणूनच. उड्डाणापूर्वी किमान काही तास मद्य वर्ज्य असते; अमेरिकेत ही मर्यादा आठ तासांची, भारतात बारा तासांची. ती वैमानिक पाळत असेलही. पण खांद्यावर पट्ट्या लावून तो मद्यालयात बसलेला दिसला तर पाहणाऱ्याला त्याचे वेळापत्रक ठाऊक नसते. जो विश्वास कपड्यामुळे मिळतो, तो कपड्यामुळेच जाऊ शकतो.

ह्वान ट्रिप ३ एप्रिल १९८१ रोजी न्यूयॉर्कमध्ये निवर्तले. ब्रुकलिनच्या ग्रीन-वुड दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. १९८५ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला. पुढचे दिवस त्यांच्या कंपनीला क्रूर गेले. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेल्या पॅन ॲमच्या विमानाचे कराचीत अपहरण झाले. अपहरणकर्त्यांना विमान उडवून नेता येऊ नये म्हणून वैमानिक कक्षातील कर्मचारी बाहेर पडले आणि विमानातील माणसांची जबाबदारी केबिनमधील तरुण कर्मचाऱ्यांवर आली. मुंबईत वाढलेली बावीस वर्षांची नीरजा भनोत प्रवाशांना वाचविताना गोळ्यांना बळी पडली. भारताने तिला मरणोत्तर अशोकचक्र दिले. तिच्या बाहीवर कप्तानाच्या पट्ट्या नव्हत्या. पण प्रवाशाचा जीव आपल्या हवाली आहे, हे जे वचन तो निळा गणवेश देत आला होता, ते त्या दिवशी तिने पाळले. डिसेंबर १९८८ मध्ये लॉकरबीवर पॅन ॲमचे विमान बॉम्बस्फोटाने कोसळले आणि ४ डिसेंबर १९९१ रोजी कंपनीच कायमची बंद पडली. न्यूयॉर्कमधील उंच इमारतीवरचे तिचे नावही उतरले.

ट्रिप यांनी उभारलेले मार्ग इतरांनी घेतले, क्लिपर संग्रहालयांच्या छायाचित्रांत गेले, ७४७ चे उत्पादनही थांबले. बोइंगने शेवटचे विमान २०२३ च्या जानेवारीत ग्राहकाच्या हवाली केले. त्यांच्या हयातीतील मोठ्या गोष्टी अशा एकेक करून काळाआड गेल्या. टिकून राहिली ती सर्वांत साधी वाटणारी गोष्ट. रोज लक्षावधी माणसे विमानाच्या दारातून आत शिरताना डावीकडे एक नजर टाकतात, चार सोनेरी पट्ट्या दिसल्या की नकळत निर्धास्त होतात आणि आपली जागा शोधू लागतात.